कुणीच न बांधलेला बांध

वाळवंटाच्या काठाला एक गाव होतं, बरं का. नदीकाठचं. तिथं चक्क भात पिकायचा. त्या गावच्या पाटलांची नवी सून होती मोंघी. तिकडची रीत अशी, की नव्या सुनेनं वर्षभर पदर हनुवटीपर्यंत ओढायचा. मग काय, मोंघीला दिसायची फक्त जमीन. सासरची माणसं ती पायांवरून ओळखायची. मामंजींचे पाय सगळ्यांत घाईचे.

एका दुपारी काय झालं, जमिनीखाली निजलेल्या धरणीआजीनं कूस बदलली. सगळं गदगदा हललं. मग बघतात तो उत्तरेला आडवा बांध उभा. तीन पुरुष उंच, नजर पोचेल तिथवर लांब, आणि कुणीच न बांधलेला. नदी बांधापाशी आली, थबकली, आणि वळून दुसऱ्याच मुलखाला गेली. भाताच्या खाचरांत पांढरं मीठ फुललं.

पाटील म्हणाले, नदीच्या पात्रातच विहीर खणू, पाणी आपली जागा विसरत नाही. मग पहिली विहीर खणली. कोरडी वाळू लागली. मग दुसरी खणली. पाणी लागलं, पण इतकं खारट की उंटानंही तोंड फिरवलं. मग तिसरी खणली, तर नुसता दगड. तेव्हा ठरलं, सोमवारी उंट लादायचे आणि गाव सोडायचं. कुणी मामाकडे, कुणी मेहुण्याकडे. असं पांगलेलं गाव पुन्हा जमत नाही. मोंघीची तर अजून मडकीसुद्धा मनासारखी लावून झाली नव्हती.

ती शेळ्या घेऊन बांधाकडे जायची. पदराखालून तिला दिसलं, पायथ्याला हिरवं गवत आहे, बोटभर रुंद, पण पार सरळ रेघेत. मुंग्या वर आणताहेत ती माती ओली आहे. आणि भर उन्हात शेळ्या नेमक्या तिथंच पोट टेकून बसताहेत.

सासऱ्यांशी बोलायची रीत नव्हती. तिनं सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी पाटलांना. पाटलांनी मोंघीच्या देखतच निरोप धाडला, "सूनबाईंना सांगा, सात पिढ्या नदीचं पाणी प्यायल्या. शेळ्यांना विचारून कुणी विहीर खणली नाही."

मोंघी हळूच म्हणाली, "सासूबाई, मामंजींना सांगा, पिढ्यांचं काही चुकलं नाही. पण जमीनच हलली, तर पाणी जागेवर कसं राहील?"

पाटील उठून उंटांचं बघायला गेले. सोमवारी उंट लादले. निघता निघता मोंघीनं पाहिलं, ते घाईचे पाय बांधाकडे वळले. पाटलांनी स्वतः कुदळ मारली. छातीएवढं खणलं आणि गोड पाणी लागलं. खालचा खडक दुभंगला होता ना, त्या फटीतून खोलवरचं पाणी वर चढलं होतं.

उंट लादलेलेच होते. अर्धा कोस चालवले आणि ओझी उतरवली. फटीपासून जरा दूर घरं बांधली, गोल आणि बुटकी, जमीन हलली तरी तग धरतील अशी. गाव आता एका ओळीत लांबलचक झालं. भात सुटला. ओलीच्या रेघेलगत बाजरी आली, माळावर शेळ्या चरू लागल्या. आणि पेरणीआधी पाटील दारातून म्हणायचे, "सूनबाईंना विचारा, यंदा ओल कुठवर आहे?"

मग सगळी दूधभाकरी खाऊन सुखानं राहिली. तुम्हीही आता डोळे मिटा. कुणाला तहान लागली असेल तर आत्ताच सांगा. एकदा दिवा मालवला की मी काही उठायची नाही.