केतकी राणीच्या चाफ्याची चूल

एक होती राणी. नाव तिचं केतकी. नुकतीच लग्न होऊन आली होती, बरं का. निघताना आईनं तिच्या हातात सोनचाफ्याचं रोप दिलं. म्हणाली, "बाई, हे हिरवं आहे तोवर मी खुशाल आहे असं समज." माहेर सात डोंगरांपलीकडे. मग लेकीचा सगळा जीव त्या रोपात.

आता त्या राज्याची रीत काय, तर माहेरचं कुणी आलं की त्याला उन्हात ठेवायचं नाही, आणि उपाशी तर मुळीच नाही. झालं! राणीनं रोप नेऊन ठेवलं आतल्या खोलीत, जाड पडद्याआड. पहिल्या दिवशी कुंडीत दूध ओतलं. दुसऱ्या दिवशी तूपभात कालवला. तिसऱ्या दिवशी चक्क पुरणपोळी! हसतेस काय रेवे? तू नाही का परवा बाहुलीला शिरा भरवलास?

मग काय, मुंग्यांची जत्रा लागली. माती आंबली. पानं पिवळी पडून गळाली. राहिलं एकच. राणीला आईचे शब्द आठवले. तिकडे आई... छे, छे! कुंडीला मिठी मारून ढसाढसा रडली. "आणखी काय भरवू रे तुला?"

मग नवल झालं. ते पान हललं आणि रोप बारीक आवाजात बोललं, "केतके, पोटात काही नाही गं माझ्या."

"अगं बाई! एवढं घातलं ते?"

"आयतं मला चालत नाही. माझं मलाच रांधावं लागतं. चूल माझ्या हिरव्या पानात. पाणी मुळं आणतात, हवा पानाच्या बारीक भोकांतून येते. जाळ तेवढा नाही. माझा जाळ म्हणजे ऊन. तो तू पडद्याबाहेर ठेवलास."

राणी कुंडी कडेवर घेऊन धावतच सुटली. सासूबाई ओरडल्या, "अगं, पाहुण्याला उन्हात काढतेस?" ऐकतंय कोण! आंबलेली माती काढली, ताजी भरली, तांब्याभर पाणी घातलं आणि कुंडी अंगणात कोवळ्या उन्हात ठेवली. मग पान लागलं कामाला. पाणी आणि हवा घेऊन उन्हावर साखर रांधली. थोडी मुळांना धाडली, थोडी खोडाला, थोडी रात्रीसाठी झाकून ठेवली. आणि रांधता रांधता चांगली हवा बाहेर सोडली, तुम्हाआम्हाला श्वास घ्यायला.

एके सकाळी राणी बघते तर काय, पोपटी कोंब! हुश्श! भुईवरच बसली बाई.

मग चाफा फुलला, आणि फुलला त्याच दिवशी दारात पालखी आली. आत आई! "अंथरूण धरलं होतं गं. आता बरं वाटलं, म्हटलं लेकीला बघून यावं."

राणीनं हसत, रडत आईला आत ओढलं. पाट मांडला, पुरण वाढलं. आई म्हणाली, "जेवते गं. पण आधी तुझ्या चाफ्याजवळ घटकाभर उन्हात बसू दे." आणि या वेळी सासूबाईंनीच अंगणात घोंगडी अंथरली.

असं सगळ्यांचं छान झालं. आता झाडांच्या चुली निवल्यात. दिवसा रांधलेलं सावकाश खात ती उभी आहेत. तुमचीही पोटं भरलीत ना? मग मिटा डोळे. रेवे, पाय आत घे.