राजाच्या नावाची टेकडी

एका राज्यात प्रत्येक राजाच्या नावाची एक टेकडी असे. राज्याभिषेकाच्या दिवशी ती टेकडी खरवडून लख्ख करीत आणि पुढे रोज झाडीत. राजापेक्षा उंच जागी गवताने डोके वर काढणे हा राजाचा अपमान मानला जाई. कुणी मानला, कधी मानला, हे विचारायची सोय नव्हती.

राजा सोमकांताची टेकडी खरवडली, तेव्हा गवताबरोबर पवनकेशी नावाच्या चेटकिणीची झोपडीही झाडली गेली. ती शांतपणे खाली उतरली आणि म्हणाली, "या टेकडीची माती तीच आता या राजाची काया." एवढे बोलून ती नदीपलीकडे राहायला गेली.

तेव्हापासून वारा सुटला की टेकडीवरून धुळीचा लोट उठे आणि इकडे राजा झिजे. आधी त्याची सावली गेली. मग वजन गेले. त्याला शेल्याने सिंहासनाशी बांधून ठेवावे लागे. प्रजेच्या डोळ्यांत धूळ, पिठात धूळ, पाळण्यात धूळ. वैद्य आले, लेप लावून गेले. झाडणाऱ्यांनी तर राजनिष्ठेपोटी टेकडी दिवसातून दोन वेळा झाडायला घेतली. राणी मंदारवतीचा नवऱ्यावर फार जीव होता. चैत्रातल्या वावटळी आल्या की तो उरणार नाही, हे तिला दिसत होते. ती एकटीच नदीपलीकडे गेली.

पवनकेशी म्हणाली, "दिलेला शाप मला परत घेता येत नाही. तुला तोडता येईल. धावत्या पाण्याला चालायला लाव. उडत्या वाऱ्याला ठेच लाव. आणि टेकडीला तिचे केस परत दे, पण ते राजाच्या हातून."

राणीने पदर खोचला आणि टेकडीच्या उतारावरून धावणाऱ्या ओहोळाला दगडांचा आडवा बांध रचला. ओहोळ एका टोकाने निसटून पळाला. जवळच एक चंडोल पक्षी बसला होता. तो म्हणाला, "पाण्याला भोळे समजू नका, राणीसाहेब. एक टोक बोटभर खाली असले तरी ते त्याला सापडते." राणीने बांध उकलून एका पातळीत पुन्हा रचला. ओहोळ थबकला आणि वाट मागू लागला. राणी म्हणाली, "वाट आहे. घाई नाही." तेव्हा तो चालत खाली गेला, आणि त्याने आणलेली माती बांधामागे बसून राहिली.

मग तिने हत्तीखान्यातला पेंढा आणून उघड्या मातीवर अंथरला आणि माथ्यावर काटक्यांची कुंपणे रोवली. वारा आला, ठेचकाळला आणि लंगडत निघून गेला. प्रधान चौकशीला आला होता. पण रूढीत मनाई होती ती हिरव्या गवताला, दगड-पेंढ्याबद्दल काही ठरलेले नव्हते. तो आल्या पावली परत गेला.

तिसऱ्या कामाला राजाच अडून बसला. माझ्या डोक्याहून उंच गवत, तेही माझ्या हाताने, असे सात पिढ्यांत झाले नाही, म्हणाला. राणीला रडू आले, पण ती सरळ बोलली.

"महाराज, गवत उगवले तर लोक तुम्हांला हसतील. नाही उगवले, तर हसायलाही तुम्ही सापडणार नाही. मी मग कुणाकडे पाहू?"

राजाने शेला सोडायला सांगितले. राणीने त्याला उचलून टेकडीवर नेले. चंडोलाने गवताचे बी आणून दिले, आणि राजाने ते विरत चाललेल्या बोटांनी चिमूट चिमूट पेरले. गवत तिथल्या तिथे उगवले, कमरेएवढे झाले, डोक्यावर गेले.

तेवढ्यात चैत्रातली पहिली वावटळ आली. राणीने राजाला घट्ट धरले. वावटळ टेकडीभोवती गरगरली, पण मातीचा कणही उठला नाही, आणि ती रिकाम्या हाताने निघून गेली. राजाचे वजन एकदम परत आले, म्हणून राणीला त्याला खाली ठेवावे लागले.

मागून धापा टाकत आलेला प्रधान सवयीने वाकला आणि एक पाते उपटू लागला. राजाने त्याचे मनगट असे पकडले की प्रधान कळवळला.

"राहू द्या, प्रधानजी," राजा म्हणाला. "ते आहे म्हणून मी आहे."

शाप तुटला. झाडणाऱ्यांच्या हाती बियाण्याच्या टोपल्या आल्या, पवनकेशीची झोपडी पुन्हा गवतात उभी राहिली. माती मातीच्या जागी बसली, राजा राजाच्या. राणीने मात्र महालापर्यंत त्याचा हात सोडला नाही. आता तशी गरज नव्हती.