समुद्र असेल तिथवर

मेलेल्या माणसाची माफी कोणाकडे मागायची? बायच्या दहाव्याला आलेल्या प्रत्येकाला मी विचारलं.

बाय म्हणजे माझी मोठी बहीण चांगुणा. किनाऱ्यावर खांबांना आडवे बांबू बांधलेल्या वलांडीवर ती बोंबील सुकवायची. एके अमावास्येला, सकाळच्या ओहोटीला रिसॉर्टवाला शेठ तलाठ्याला घेऊन आला. त्याच्या कागदात लिहिलं होतं, जमीन समुद्रापर्यंत. मोजणीत साऱ्या वलांड्या त्याच्या हद्दीत गेल्या. खुंट ठोकत होतो मीच, कारण शेठ मला वॉचमन करणार होता.

बाय पुढे आली तसा मी सगळ्यांसमोर ओरडलो, "गप गो, अडाणी! कागदातलं तुला काय कळतं?"

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "शेठ, समुद्र असेल तिथवर तुमचं ना?"

"अर्थात!"

"तलाठीभाऊ, असंच लिवा. शेठ, सही करा."

शेठने हसत सही केली.

"आता दुपारी जेवून या."

दुपारी उधाणाचं पाणी खुंट बुडवून, वलांड्यांखालून थेट शेठच्या कुंपणाला लागलं.

"धरा टेप, शेठ," बाय म्हणाली. "समुद्र इथवर आलाय. सही तुमचीच हाय."

तलाठीसुद्धा हसला. शेठ कागद घेऊन गेला, तो परत आला नाही. मी हातोडा पाठीमागे लपवला.

लाजेने पंधरा दिवस मी तिच्याशी बोललो नाही. सोळाव्या सकाळी ती किनाऱ्यावरच कोसळली आणि गेली. तिला उचलण्याआधी मी तिच्या पाटीतले ओले बोंबील, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने वलांडीवर वाळत घातले.