पिनेच्या जागी तार

"अजून शिकायचं काय राहिलंय, उस्ताद?"

भरतेशनं हे विचारलं तेव्हा त्याच्या हातात पुसायचं फडकं होतं आणि पुसण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. द्राक्षबागेतला तो जुना, बुटका ट्रॅक्टर समोर नव्यासारखा चमकत उभा होता.

बाबालाल उस्ताद वर्कशॉपच्या दाराशी उकिडवे बसून चहा पीत होते. विचारल्यावर लगेच उत्तर द्यायची त्यांना सवयच नव्हती. गिऱ्हाईकं त्याला माज म्हणायची, आणि दहा गावं ओलांडून त्यांच्याकडंच यायची.

भरतेश सात वर्षं त्यांच्या हाताखाली होता. येत्या दिवाळी पाडव्याला त्याला स्वतःचं वर्कशॉप टाकायचं होतं. जागा बघून झाली होती. उस्तादांनी एकदा 'जा' म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

"धूड होतं नुसतं," तो म्हणाला. "इंजिन उघडलं, पिस्टन नवा घातला. हँडल मारून खांदा निखळायचा, तिथं सेल्फ बसवला. मागं हायड्रॉलिक दिलं. फवारणीचा ब्लोअर आता बोटानं उचलतोय."

"रंगबी दिलायस."

"दिलाय की."

"लगीन हाय काय त्याचं?"

भरतेश हसला. उस्ताद हसले नाहीत.

ते उठले. कप हातात घेऊनच ट्रॅक्टरला एक फेरी मारली आणि पुढच्या डाव्या चाकापाशी थांबले. "आन् हितलं?"

"पुढचं मी बघतो, असं तुम्हीच म्हणाला होता."

"बघितलं."

...

ट्रॅक्टर सर्जेराव जाधवांचा, वर्षभर गंजत पडलेला. गेल्या वर्षी फवारणीच्या दिवसांत ओळीच्या टोकाला तो वळायला हवा होता. वळला नाही. सरळ शेततळ्यात गेला.

सर्जेरावांना पोहता येत होतं. पण प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात पोहणं कामाला येत नाही. काठाला धरायला काही नसतं, आणि शेवाळावर पाय ठरत नाही.

गाव म्हणालं, प्याला असणार. सर्जेराव कधीमधी घ्यायचे, त्यामुळं गावाला पुढं शोधत बसावं लागलं नाही.

भरतेशनंही ते लगेच मानलं होतं. असं दुसऱ्याचं लगेच मानणं त्याच्या स्वभावात नव्हतं, पण ते मानलं होतं.

...

उस्तादांनी मूठ उघडली. तळहातावर तारेचा एक तुकडा होता. काळा, ग्रीसनं माखलेला.

"स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडतो तिथला बोल्ट," ते म्हणाले. "नट कवाच गळून पडलाय. बोल्टच्या भोकात ही रुतून बसली व्हती."

भरतेश तारेकडं बघत राहिला.

"तिथं काय असाय पायजे?"

"पिन... नट सुटू नये म्हणून."

"आन् ही काय हाय?"

"तार."

"तीन येढे. डावीकडनं पिळलेले. टोक आत दुमडलंय, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून." उस्तादांनी तार उजेडात धरली. "काळजीनं केलंय काम."

वर्कशॉपमध्ये डावखुरा माणूस एकच होता. गिऱ्हाईकं त्याला कौतुकानं डावऱ्या म्हणायची.

"हंगाम होता, उस्ताद," भरतेश म्हणाला. "बाहेर गाड्यांची रांग होती. तुम्ही उरुसाला गेला होता. पिना संपल्या होत्या. मी त्यांना बोललो होतो, दोन दिवस चालवा, मग परत या."

"आला?"

"न्हाई."

"हंगामात येतंय का कोण?"

"न्हाई."

"म्हाईत व्हतं तुला?"

"व्हतं."

"पिना संपल्या तर काय करायचं?"

"गाडी ठेवून घ्यायची."

"गाडीवाला आयबहिणीवरनं शिव्या घालतोय."

"खायच्या."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच."

उस्तादांनी मान हलवली आणि मूठ मिटली.

...

तेवढ्यात मंदावैनी आल्या. सर्जेरावांच्या बायको. पदर खोचलेला, पायात पुरुषी चपला. गेल्या वर्षभरात त्यांनी बाग एकटीनं राखली होती आणि दिराच्या ट्रॅक्टरवर गाडी चालवायला शिकल्या होत्या.

"ह्यो आमचा न्हवं," त्या ट्रॅक्टरकडं बघत म्हणाल्या. "आमचा गंजका व्हता."

"तुमचाच हाय," उस्ताद म्हणाले.

"मग द्या. छाटणी हून बारा दिवस झालं. सकाळी औषध माराय पायजे. पानावरचा रोग काय कुणाचं सुतक पाळत न्हाई." त्यांनी चाकाला हात लावला, आणि लगेच काढून घेतला. "उस्ताद, एक इचारू? गाडी सगळी उघडलीसा म्हणून इचारते."

"इचार, पोरी."

"आत काय घावलं का? का... ते प्यालेच व्हते?"

भरतेशला वाटलं, उस्ताद बोलतील. 'काय न्हाई घावलं' एवढं पुरे होतं. ट्रॅक्टर तयार होता, पाडवा आठ दिवसांवर आला होता, आणि गेलेला माणूस गेलेलाच होता.

उस्ताद भरतेशच्या जवळ आले. त्याचा डावा हात धरला, तारेचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि दाराशी जाऊन पुन्हा चहा प्यायला बसले.

कपातला चहा कधीच संपला होता. तरी ते पीत राहिले.

मंदावैनींनी तारेकडं बघितलं. मग भरतेशकडं.

"वैनी... चाकाच्या नटाला पिन लागती. मी तार घातली व्हती." तो थांबला. पुढचं वाक्य 'दोन दिवसांसाठी' असं सुरू होत होतं. ते त्यानं गिळलं. "ती तुटली. नट पडला. स्टेअरिंग फिरलं, चाक फिरलं न्हाई."

रस्त्यावरून उसाची गाडी गेली.

"म्हंजे प्याले न्हवते," मंदावैनी म्हणाल्या.

"न्हाई."

"वरीसभर मी फोटूला हार घातला न्हाई. म्हटलं, पिऊन मेलेल्याला कशाला घालू..."

त्यांनी त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं भरतेशला वाटलं. त्यांनी नुसता पदर पुन्हा खोचला. खोचलेलाच होता.

"गावात सांगशील?"

"सांगतो."

"दिरापुढं? त्येनंच मयताला आलेल्या माणसांस्नी सांगिटलं व्हतं, दादा टाकून बसला व्हता म्हणून."

"त्यांच्यापुढं पयलं."

"मारंल त्यो तुला."

"मारू दे."

त्यांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्यांच्या नजरेत माफी नव्हती. शिवीही नव्हती.

"आता पिन हाय का?"

"हाय."

"मग माझ्या म्होरं घाल. उद्या मी बसणार हाय ह्येच्यावर."

...

भरतेश डब्यातली पिन घेऊन चाकापाशी गुडघ्यावर बसला. नवा नट उस्तादांनी आवळून ठेवला होता. नटाची खाच आणि बोल्टचं भोक समोरासमोर होतं. हे काम त्यानं डोळे मिटून हजारदा केलं होतं.

पिन भोकाच्या कडेला लागली आणि खाली पडली.

त्यानं ती उचलली, पँटला पुसली. पुन्हा पडली. मंदावैनी खाली वाकून बघत होत्या. त्यांचा श्वास त्याला ऐकू येत होता.

तिसऱ्या वेळी पिन उचलायलाही जमेना. त्यानं मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरलं. दोन्ही हात हलायला लागले.

"उस्ताद," तो मान वर न करता म्हणाला, "तुम्ही घाला. माझे हात थरथरतायत..."

उस्तादांनी कप खाली ठेवला.

"थरथरतायत तोवर तूच घाल."