काजविणीचा दिवा

फार मागची गोष्ट. डोंगराखालच्या एका गावात एक माळीण होती. तिचा माळी त्या वर्षी वारला होता. कार्तिक लागला तसा तिनं मळ्याच्या कुंपणाला उंच बांबू रोवून आकाशदिवा टांगला. वर गेलेल्या माणसाला वाट दिसावी, म्हणून तिकडं तशी रीतच होती.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला दिवा चढवून ती वळली, तर खाली गवताच्या काडीवर एक काजवीण बसलेली. अंगानं अळीसारखी, पंख नाहीत. शेपूट वर करून हिरवट उजेड दाखवत होती. माळिणीनं बोट लावून पाहिलं. उजेड गारच. काल, परवाही ती इथंच होती. आज उजेड मात्र मंद झाला होता.

माळी सांगायचा, "हिला उडता येत नाही गं. उजेड बघून दादला उडत येतो. लहानपणी गोगलगाई खाऊन घेते, मोठेपणी तोंडात घास नाही. साठवलेलं सरलं, की संपली बिचारी."

माळिणीनं वर पाहिलं. काजवे आकाशदिव्याच्या कागदावर धडका देत होते. खाली कुणी बघेना.

वाटेनं कुंभारीण चालली होती. "काय गं, गवतात काय हरवलं?"

"आक्का, हिचा नवरा माझ्या दिव्यापायी चुकतोय."

"मग हिलाच बांध की बांबूला!" कुंभारीण हसली. पण दिवा उतरवायला माळिणीचा हात दोरीला गेलेला पाहून दरडावली, "खबरदार! मेल्या माणसाला अंधारात ठेवतीस?"

माळिणीचा हात थांबला. डोळे भरले. तिनं वर आभाळाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "धनी, घरची वाट तुम्हाला पाठ आहे. हिच्या माणसाला दुसरी खूण नाही."

तिनं दिवा उतरवला, घरात देवापुढं ठेवला, दार ओढून घेतलं आणि फटीतून बघत बसली.

अंधार दाटला. एक काजवा घिरट्या घालत खाली आला आणि त्याच काडीवर टेकला. थोड्या वेळानं काजविणीनं आपला उजेड मिटला. आता तिला तो लागणार नव्हता.

वर्ष गेलं. त्या पावसाळ्यात गोगलगाईंनी गावातली रोपं कुरतडली. माळिणीच्या वाफ्यांत मात्र काजविणीच्या काळ्या अळ्या फिरत होत्या, त्या गोगलगाईंना टिपून खात होत्या.

पुन्हा कार्तिक आला. कुंभारीण कुंपणापाशी येऊन थबकली. काडीकाडीवर हिरवे ठिपके पेटले होते.

"अगं, यंदा एवढे दिवे कुणी लावले?"

माळीण म्हणाली, "मी एक उतरवला होता, आक्का. एवढंच."

तात्पर्य: आपला दिवा मायेनंच लावलेला असतो, तरी त्याच्या झगमगाटात कुणाचा इवला उजेड बुडत नाही ना, एवढं बघावं.