डोंगरामागची दरी

"आणि डोंगरामागं काय आहे?" रेवाराम मास्तरांनी विचारलं.

शलाकाला प्रश्नच कळला नाही.

ट्रेन सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायच्या खेळात, तिनं धामणघाटची बंद पडलेली छोटी रेल्वे पुन्हा उभी केली होती. खरे रूळ कधीच उखडले गेले होते. तिनं जुने फोटो धुंडाळले, म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं आणि पूल, बोगदा, स्टेशनावरची चिंच, सगळं जसंच्या तसं घडवलं. असं काम आजवर कुणी केलं नाही, असं लोक म्हणत. तिलाही तसंच वाटे.

ही विद्या मास्तरांनीच दिलेली. आता त्यांनी एकदा 'झालं' म्हणावं आणि मग हा मार्ग सगळ्यांसाठी खुला करावा, एवढ्यासाठी ती त्यांच्या गावी आली होती.

मास्तर गाडी चालवत होते. घाटाच्या वळणावर, स्टेशन नसताना, त्यांनी ती थांबवली होती.

"मागं काही नाही," ती म्हणाली. "गाडीतून तिकडचं दिसतच नाही."

मास्तरांनी माऊस सरकवला. नजर गाडीतून उठली, डोंगरावरून पलीकडं गेली...

तिथं नुसतं करडं पठार होतं. ना गवत, ना सावली.

शलाका भराभर समजावू लागली. न दिसणाऱ्या गोष्टी घडवल्या तर खेळ अडखळतो, सगळे जाणकार असंच करतात. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग उठून काठी घेतली.

"चल."

खरा डोंगर गावाला लागूनच होता. त्याचे फोटो तिनं खालून कितीदा काढले होते, चढली मात्र कधीच नव्हती. फाल्गुनातलं ऊन. मास्तर दम घ्यायला मधून मधून थांबत, आणि शलाका मनातल्या मनात धुसफुसत होती.

माथ्यावर आली आणि तिचा पाय जागीच थबकला.

खाली सगळी दरी पळसानं पेटली होती. पान एकही नाही, नुसता केशरी रंग... नजर जाईल तिथवर. वाट नाही, घर नाही, माणूस नाही. कुणी पाहावं म्हणून त्यातलं काहीच फुललं नव्हतं.

फोटोसाठी तिनं फोन काढला, तसाच परत ठेवला.

मास्तर काठी टेकून बसले होते.

तो सगळा उन्हाळा शलाका दरी घडवत राहिली. प्रत्येक पळसाच्या खोडाला त्याचा त्याचा बाक दिला. खेळ अडखळला, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली. मार्ग कधी येणार, असं लोक विचारत. अजून नाही, एवढंच ती सांगे. काय चाललंय, ते कुणालाच सांगितलं नाही. मास्तरांनाही नाही.

पावसाळा सरल्यावर ती पुन्हा त्यांच्याकडे गेली. त्यांनी काही विचारलं नाही. बसले, गाडी सुरू केली.

वळण आलं. शलाका त्यांच्या हाताकडे पाहू लागली. आता माऊस सरकणार...

सरकला नाही. त्यांनी गाडीही थांबवली नाही. वेग जरा उतरवला आणि एक लांब शिटी दिली.

"मास्तर, इथं फाटक नाही, स्टेशन नाही," ती हळूच म्हणाली. "शिटी कुणासाठी?"

मास्तरांची नजर रुळांवरच होती.

"पलीकडं ऐकू जाईल."