पाठमोरं बाकडं

एकदा एक शिष्या आपल्या गुरूवर इतकी वैतागली की तिने दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. भांडण कशावरून, तर एका बाकड्याचं तोंड कुठे असावं यावरून. हसू येईल, पण शहाण्या माणसांतही ज्ञानावरून भांडणं कमीच होतात. खुर्च्या, खिडक्या आणि बाकडी यांवरूनच जास्त होतात.

घाटाच्या पायथ्याशी माकडांचं एक आश्रयस्थान होतं. विजेच्या तारेला चिकटून भाजलेली, हौसेने पाळून मग नकोशी झालेली, रस्त्यावरच्या खेळातून सोडवून आणलेली माकडं तिथे येत. त्यांना बरं करायचं, माणसाची सवय सोडवायची आणि आपल्या जातीच्या सोबतीत पुन्हा राहायला लावायचं, एवढंच तिथलं काम. अर्थात ‘एवढंच’ हे आपलं म्हणायला.

तिथले गुरू म्हणजे धोंडीनाना. शिक्षण चौथीपर्यंत, पण चाळीस वर्षं माकडांच्या सहवासात गेलेली. शिष्या देवयानी, प्राणिशास्त्रात एम.एस्सी., तीही पहिल्या वर्गात. माकडांची शुश्रूषा आणि रक्षण हेच आयुष्यभराचं काम करायचं, असं ठरवून ती उमेदवारीला आली होती. तिच्या आईला हे अजिबात पटलेलं नव्हतं. “माकडं राखायला एम.एस्सी. लागतं का गं?” हा प्रश्न ती फोनवर दर आठवड्याला विचारी आणि दर लग्नात चार मावश्यांकडून विचारवून घेई. त्यामुळे आपलं काम शास्त्रशुद्ध आहे, हे सिद्ध करण्याची देवयानीला जरा जास्तच घाई झाली होती.

तिच्याकडे सोपवलेलं माकड होतं सतरा नंबर. तिथे माकडांना नावं देत नसत, नंबर देत. सतरा हा नऊ वर्षांचा नर, आणि त्यातली आठ वर्षं त्याने एका खेळवाल्याच्या दोरीला बांधलेल्या अवस्थेत काढलेली. दोरी सुटली तरी खेळ सुटला नव्हता. माणूस दिसला की तो मागच्या पायांवर उभा राही, उजवा हात कपाळाला लावून सलाम करी आणि कोलांटउडी मारून फळीवर धप्पकन आदळे. मग हात पुढे. काही मिळालं नाही की पुन्हा सलाम. शेजारच्या पिंजऱ्यात, मध्ये फक्त जाळी ठेवून, अकरा नंबरची एकडोळी म्हातारी माकडीण ठेवली होती. ओळख व्हावी, सोबतीची सवय लागावी म्हणून. ती बिचारी जाळीशी येऊन बसे आणि सतरा तिच्याकडे पाठ करून माणसांना सलाम ठोकत राही.

यात गंमत काही नव्हती. आदल्या वर्षी असंच एक खेळातलं माकड घाईघाईने मोठ्या कुंपणातल्या टोळीत सोडलं होतं. टोळीतल्या माद्या त्याला निरखायला जवळ आल्या, तर ते त्यांच्याकडे पाठ फिरवून जाळीबाहेरच्या माणसांना सलाम करत बसलं. माकडांच्या समाजात हा उद्धटपणा खपत नाही. टोळीच्या चाव्यांनी चौथ्या दिवशी ते मेलं. तेव्हापासून आश्रयस्थानाचे पशुवैद्य डॉक्टर शिराळकर यांनी नियम केला, की सलाम सुटल्याखेरीज टोळी नाही. सतराला दोन वेळा मुदतवाढ मिळाली होती. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी डॉक्टर अखेरचं बघणार होते, आणि त्या दिवशीही त्याचा खेळ चालूच असला, तर उरलेली पंधरा-वीस वर्षं त्याने एका कोठडीत एकट्याने काढायची होती.

देवयानीने आपली पद्धत आखली. सलामाला कधीही खाऊ द्यायचा नाही. खाणं पहाटेच, सतरा मागच्या खोलीत झोपलेला असताना, बांबूच्या नळ्यांत लपवून ठेवायचं. आणि दर तासाला पिंजऱ्यासमोरच्या बाकड्यावर बसून दहा मिनिटं निरीक्षण करायचं, प्रत्येक सलामाची वहीत एक रेघ ओढायची. पद्धतीत खोट काढायला जागा नव्हती. रेघा मात्र वाढत होत्या. पहिल्या आठवड्यात दिवसाला शंभर, सहाव्यात पावणेदोनशे! देवयानी तक्ते काढी, जुने निबंध वाची, नळ्यांची जागा बदली, आणि सतरा तिच्याकडे बघून आणखी जोरात सलाम करी. कधी कधी तिला वाटे, वही त्याच्याच डोक्यात घालावी.

अशात एके सकाळी ती आली, तर बाकड्याचं तोंड भिंतीकडे. झाडणाऱ्याने फिरवलं असेल म्हणून तिने ते सरळ केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे. तिने पुन्हा सरळ केलं. तिसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर आली, तर खुद्द धोंडीनाना बाकड्याचा एकेक पाय उचलत, कण्हत, ते फिरवताना सापडले.

“नाना, हे काय चाललंय?”

“बाकडं फिरवतोय.”

“ते दिसतंय मला. पण का?”

“बस हितं. भिंत बी बघावी माणसानं कधी कधी.”

“मला माकड बघायचंय!”

“दीड म्हैना बघतीस की.” एवढं बोलून नाना पिंजऱ्याकडे पाठ करून बसले आणि मोठ्या कुंपणातल्या झोक्यासाठी अंबाडीचा दोर वळू लागले.

देवयानीने अबोला धरला आणि कार्यालयातून स्वतःसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. तिसऱ्या दिवशी खुर्चीचंही तोंड भिंतीकडे! तेव्हा मात्र तिचा बांध फुटला.

“तुम्ही इथे मला शिकवायला आहात की छळायला? डॉक्टर यायला अकरा दिवस उरलेत. मी जिवाचं रान करतेय आणि तुम्ही त्या मुक्या जिवाकडे पाठ करून दोर वळत बसता. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?”

नानांनी दोर मांडीवर ठेवला. “वही दे इकडं. वाच. शनिवारी किती?”

“एकशे सत्तर.”

“सोमवारी?”

“एकशे ऐंशी.”

“आन् रविवारी?”

“रविवारी मला सुट्टी असते, नाना. रकाना रिकामा आहे.”

“मी असतो की.”

“मग तुम्ही मोजायचे ना!”

“मोजायला काय हाय? मी असा पाठ करून दोर वळत बसतो. उडी मारली तर फळी धप्प वाजती, ऐकू येतं मला. पयल्या दोन-तीन रविवारी वाजली सकाळच्याला. मागल्या तीन रविवारी एकदा बी वाजली न्हाई.”

देवयानी वहीतल्या त्या रिकाम्या रकान्यांकडे बघत राहिली. कळणं आणि राग येणं या दोन्ही गोष्टी तिच्या बाबतीत एकदमच घडल्या. “तीन आठवडे तुम्हाला हे ठाऊक होतं? आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू रविवारी बी येऊन मोजलं असतंस.”

तिने खरोखर तेच केलं असतं. नाना जरा ओशाळले. “माझी बी चूक हाय पोरी. मला वाटलं, चार दिसांत तुझं तुलाच उमगंल. तू लई चिवट निघालीस.”

मग ते बोलले ते असं. “त्या जनावराला खाऊ लागत न्हाई, दोरी लागत न्हाई. समोर डोळं लागत्यात. त्याच्या धन्याचं पोट त्याच्या खेळावर होतं, म्हून धनी दिवसभर त्याच्याकडं बघत होता. आता तू बघतीस. खायाला देत न्हाईस, त्यामुळं त्याला वाटतं, ही बाई अजून खूश झाली न्हाई, आजून जोर लावाया पायजे. तुझ्या डोळ्यांत माया हाय, त्याच्या धन्याच्या डोळ्यांत भूक होती. माकडाला त्यातला फरक काय कळणार? खेळ बंद व्हावा वाटत आसंल, तर बघणाऱ्यानं उठावं लागतं.”

“पण मी बघितलंच नाही, तर तो सुधारतोय हे मला कळणार कसं?”

“तुला कळलंच पायजे, आसं कुणी सांगितलं?”

हा प्रश्न देवयानीला फार लागला. एका उमेदवाराला, ज्याचं सगळं भवितव्य ‘मला काय कळलं’ हे लिहून दाखवण्यावर उभं आहे, त्याला तो लागायलाच हवा.

ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली. पहिले तीन दिवस अक्षरशः नरकाचे गेले. प्रेक्षक पाठ फिरवतो म्हटल्यावर सतराने होता नव्हता तो सगळा खेळ बाहेर काढला. फळी दर मिनिटाला धप्प वाजे, जाळी खडखडे, केळ्याची सालं येऊन तिच्या वेणीवर पडत. देवयानी दात आवळून दोर वळी आणि तो दोर इतका वाकडातिकडा होई की नाना तो सोडून पुन्हा वळत. माकडांसाठी आयुष्य वाहायचं म्हणून घर सोडलं, आणि माकडाकडे पाठ करून भिंतीचे पोपडे बघतेय, हे आईला सांगायची काही सोय नव्हती.

चौथ्या दिवशी आवाज थांबला. तेव्हा तिला वेगळीच धास्ती लागली. “नाना, आजारी तर नसेल? एकदाच बघते.”

“नळ्या कुणी झाडल्या पहाटे?”

“मीच.”

“काय होतं त्यात?”

“काही नाही. सगळं खाल्लं होतं.”

“मग? वळ दोर.”

सहाव्या दिवशी जाळीपाशी हलकासा आवाज आला, चप्‌-चप्‌-चप्‌. माकडं एकमेकांशी सलोखा करताना ओठांनी असा आवाज करतात. ती एकडोळी म्हातारी होती. दोन दिवस ती एकटीच बोलत राहिली, पलीकडून काही नाही. नवव्या दिवशी दुपारी मात्र उत्तर आलं. अडखळत, जुनं काही आठवत असल्यासारखं. देवयानीची मान आपोआप वळू लागली. तिने दोन्ही हातांनी बाकड्याची कड घट्ट धरली आणि ती भिंतीकडेच बघत राहिली. त्या क्षणी तिला रडू येत होतं आणि नानांचा भयंकर रागही येत होता.

शुक्रवारी डॉक्टर आले, पिंजऱ्यालगतच्या कोठारातल्या तट्ट्याच्या फटीतून, सतराला न दिसता, अर्धा तास बघत राहिले आणि म्हणाले, “सोमवारी टोळीत सोडू. पण खात्री देत नाही. समोर माणसं दिसल्यावर काय करेल, सांगता येत नाही.”

सोमवारी सकाळी मोठ्या कुंपणाशी तिघे जमले. डॉक्टर आडोशाला उभे राहिले. सरकत्या दाराची दोरी दाराआड उभ्या नानांच्या हाती होती. देवयानीच्या हाती पाण्याची नळी दिली होती, टोळीने हल्ला केलाच तर जोराचा फवारा मारून भांडण तोडायला. “डोळ्यांत तेल घालून बघ,” डॉक्टर म्हणाले. “क्षणभर उशीर झाला तरी संपलं.”

आधी म्हातारी आत गेली आणि माद्यांत जाऊन बसली. मग दार पुन्हा सरकलं. सतरा मातीवर चार पावलं चालला आणि थांबला. टोळीतली थोरली मादी उठून त्याच्या दिशेने आली. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पलीकडे, जाळीबाहेर, देवयानी दिसली. डोळे मोठे करून, एकटक त्याच्याकडे बघणारी. सतरा मागच्या पायांवर उभा राहिला. त्याचा उजवा हात छातीपर्यंत आला.

 बघत राहायला देवयानीजवळ सगळी कारणं होती. आज्ञा होती, जोखीम होती, आणि त्या माकडावर तिचा जीव जडला होता हे तर खरंच. थोरली मादी दोन हातांवर आली होती. सतराचा हात आणखी वर गेला.

ती मागे वळली. हातात नळी तशीच धरून, कुंपणाकडे पाठ करून ती उभी राहिली, आणि तिने सगळा जीव कानांत आणला.

भांडणाची किंकाळी आली असती तर ती फिरणार होती. किंकाळी आली नाही, आणि कोलांटउडीचा धप्प आवाजही आला नाही. बराच वेळ काहीच आलं नाही, आणि तेवढ्या वेळात तिने नानांना, डॉक्टरांना, सतराला आणि स्वतःलाही मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घालून घेतल्या. मग अगदी हळू आवाज आला, चप्‌-चप्‌. एकाचा. पाठोपाठ दुसऱ्याचा.

दोरी धरून उभ्या असलेल्या नानांना दाराआडून सगळं दिसत होतं. ते हलक्या आवाजात म्हणाले, “पोरी, त्यानं...”

“सांगू नका, नाना,” देवयानी म्हणाली.

नाना दाराची दोरी खुंटीला बांधू लागले. चाळीस वर्षांत असं म्हणणारा शिष्य त्यांना बहुधा पहिलाच भेटला होता.

ज्या घरात दहावीचं मूल टेबलाशी बसलं आहे आणि आई-बाप आळीपाळीने दारात येऊन उभे राहताहेत, त्या घराला ही गोष्ट याहून अधिक उलगडून सांगायला नको.